आयला बेटावरून बोरिवली स्लो

जगप्रवासाला निघताना माझ्याकडे तीनच गोष्टी होत्या : रेल्वेचं तिकीट, ५ रुपयांचं एक दिवसाचं परमिट आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण.

झाकण कशाला, ते सांगतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्या राज्यात प्यायला अजूनही परवाना लागतो, आणि तो मिळतो 'आरोग्याच्या जतनासाठी'. म्हणजे सरकारदरबारी मी पेशंट. पेशंटनं औषधाच्याच मापानं घ्यावं. प्रत्येक घरी १० मिली, झाकणावरच्या वरच्या रेघेपर्यंत, असा ठराव आम्ही चौघा मित्रांनी एकमतानं केला होता. प्रत्येकाकडे ड्यूटी फ्रीची नाहीतर भाच्या-पुतण्यानं आणलेली व्हिस्कीची एकेक बाटली होती. बाटल्या हलवायच्या नाहीत, माणसं हलवायची.

पहिला देश मुलुंड, म्हणजे आयर्लंड. तिथली व्हिस्की बहुतेक करून तीनदा ऊर्ध्वपातित करतात, त्यामुळे ती घशाखाली कशी साजूक तुपासारखी उतरते. मुलुंडकरानं भाजणीच्या चकल्या समोर ठेवल्या आणि खाऊ दिल्या नाहीत. आधी म्हणे वास घ्यायचा. "कुठलं फळ येतंय?" मी डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं केळं." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

धुराची व्हिस्की सगळ्यात शेवटी घ्यावी, असं जाणकार सांगतात. पण जाणकारांना मध्य रेल्वे माहीत नाही. मुलुंडनंतर घाटकोपरच येतं, त्यात रविवारचा मेगाब्लॉक.

घाटकोपरकराच्या मजल्यावर कांदासुद्धा चोरून चिरतात. त्यानं खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि बूच काढलं. "कुठली रे?" मी विचारलं.

"आयला."

"घरात असले शब्द नकोत हं!" आतून त्याच्या आईंचा आवाज.

"आई, बेटाचं नाव आहे. स्कॉटलंडमधलं!"

या बेटावर मोड आणलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीच्या, धुरावर वाळवतात. तो धूर मग बाटलीपर्यंत पाठ सोडत नाही. पाच मिनिटांत आई बाहेर आल्या. "टिंक्चर कुणी सांडलं? कोण पडलं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा याच बेटावरची लाफ्रोएग तिथे औषध म्हणून विकली जात होती, असं सांगतात. वास घेतल्यावर कस्टमवाल्यांनाही पटलं असणार. मी खिशातलं परमिट चाचपलं. आपलं सरकार उगाच काही लिहीत नाही.

पुढे जपान, म्हणजे अंधेरी. मासाताका ताकेत्सुरू नावाचा तरुण १९१८ साली जहाजानं स्कॉटलंडला गेला, तिथे व्हिस्की शिकला, रीटा कोवन नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि १९२०मध्ये दोन्ही घेऊन जपानला परतला. १९२३मध्ये यामाझाकीच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली, त्यात त्याचा मोठा हात होता. स्कॉटलंड ते जपान हाच प्रवास आम्ही मेट्रोनं, साकीनाका-मरोळ करत, वीस-बावीस मिनिटांत उरकला. लग्न वगैरे काही झालं नाही.

अंधेरीकरानं ट्यूबलाइटखाली झाकण डोळ्यांसमोर धरून, जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखं मोजून ओतलं. किंमत ऐकल्यावर मीही श्वास रोखून प्यालो. त्याला चंदन लागलं, मुलुंडकराला मध. मला घाटकोपर लागलं.

अंधेरीहून बोरिवली स्लो पकडून माझं घर. माझी बाटली गोव्याची, कुंकळ्ळीत बनलेली पॉल जॉन. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात देवदूत त्याच्या कितीतरी पट पितात, पण माल मुरतोही झपाट्यानं. हे सगळं मी फार छान समजावून सांगितलं. मग चौघांनी चव घेतली आणि चौघांनाही टिंक्चरच लागलं.

रात्री झाकण साबणानं तीनदा घासून औषधाच्या बाटलीला लावलं.

सकाळी बायकोला खोकल्याची उबळ आली. घरात तोंडातून साधा 'च्यायला' काढला तरी डोळे वटारणारी बाई. तिनं औषध ओतलं, झाकण ओठांशी नेलं आणि तिथेच थबकली. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"आयला!" ती म्हणाली.

एका हुंगण्यात बेट ओळखणारं आमच्या चौघांत कुणी नव्हतं.