रोज एक मिलिमीटर

(जळगावहून धुळ्याला निघालेली एस.टी. खिडकीशी रावेरकडचा केळीवाला, शेजारी निवृत्त कंपाउंडर.)

केळीवाला : आप्पा, माझी चप्पल तुमच्याकडे आली का? पाऊल वर उचलतच नाही, सारखी निसटते.

कंपाउंडर : कधीपासून?

केळीवाला : ठिबकच्या नळ्या जोडत दिवसभर उकिडवा बसलो, तेव्हापासून.

कंपाउंडर : गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाला लागूनच नस जाते. तीच दबली असेल.

केळीवाला : गावचा पैलवान म्हणाला, सरकली. तेल लावून त्यानं बसवली.

कंपाउंडर : बसली?

केळीवाला : मीच बसलो, आठवडाभर. आमचे धुळ्याचे व्याही तर म्हणतात, नस गेली की गेली.

कंपाउंडर : व्याही डॉक्टर आहेत?

केळीवाला : मंडपवाले. पण सांगतात जोरात.

कंपाउंडर : मेंदू आणि मज्जारज्जूबद्दल त्यांचं बरंचसं खरं. हातापायांच्या नसा मात्र पुन्हा वाढतात. वरचं वेष्टणच दबलं असेल, तर काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलेल. आतला धागा तुटला असेल, तर तो तिथून पुढे वाढतो. दिवसाला साधारण 1 मिलिमीटर.

केळीवाला : (गुडघ्यापासून विती टाकत) इथून अंगठा 40 सेंटीमीटर... 400 दिवस? तोवर माझा घड उतरून पीलबाग उभी राहील!

कंपाउंडर : आपल्या या तरसोद-फागणे रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं होतं, त्यापेक्षा बरी. नस रोज पुढे तरी सरकते!

केळीवाला : मग बसतो वाट बघत.

कंपाउंडर : बसायचंच नाही, निदान उकिडवं तरी! मांडीवर मांडीही नको. स्नायू वर्ष-दीड वर्षापलीकडे नसेची वाट बघत नाही, वाळून जातो. व्यायाम करा, पाऊल लोंबू नये म्हणून पट्टा वापरा. उतरल्यावर आधी हिरे मेडिकल कॉलेज, मग व्याही.

केळीवाला : तसे दोन्ही तळव्यांना मुंग्याही येऊन राहिल्या, दोनेक वर्षं.

कंपाउंडर : साखर किती?

केळीवाला : चहात दोन चमचे.

कंपाउंडर : रक्तातली!

केळीवाला : ती जास्तच. मेटफॉर्मिन आहे ना. बरं वाटलं की बंद करतो.

कंपाउंडर : म्हणूनच मुंग्या! वर्षानुवर्षं साखरेनं पोखरलेली नस पुरती भरून येईलच असं नाही. साखर ताब्यात ठेवली तर निदान बिघाड रोखता येतो. ही गोळी फार वर्षं घेतली की बी-12 कमी पडू शकतं, तेही तपासा. गोळी मात्र मनानं सोडू नका.

केळीवाला : रात्री कढत पाण्यात पाय शेकतो, तेवढंच बरं वाटतं.

कंपाउंडर : बधिर पायाला चटका कळत नाही, भाऊ! फोड आलेला सकाळी दिसतो. शेकू नका, आणि रोज तळवे बघा.

केळीवाला : व्याह्यांच्या दंडावर एक फिकट चट्टा आहे. चिमटा काढला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत.

कंपाउंडर : दुखत नाही म्हणूनच दाखवायचा! कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. हातापायातली ताकद जायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाले, तर नस परत येण्याची आशा चांगली, पुढे अवघड.

केळीवाला : म्हणजे त्यांनाही सोबत नेऊ?

कंपाउंडर : न्याच. नस भरून येते, पण आधी तिला दुखावणारं कारण थांबवावं लागतं. आणि ते डॉक्टरनं शोधायचं. पैलवानानं नाही, मंडपवाल्यानं नाही आणि एस.टी.तल्या कंपाउंडरनंही नाही.