आमच्यात असंच खेळतात!

शनिवारी सकाळी चांदणी चौकातून मुळशीकडे गाड्यांची जी रांग लागते, ती पाहून इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं, लोक निसर्ग बघायला चाललेत. भातखाचरं, धबधबे, ताम्हिणीतलं धुकं, झालंच तर वाटेत गरम भजी. कसला निसर्ग अन् कसलं काय! परवा पिरंगुटला एका गाडीची डिकी उघडी दिसली. मक्याची कणसं होती, कोळशाची पिशवी होती, आणि त्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेला आख्खा कॅरमबोर्ड! त्याला धक्का लागू नये म्हणून आजीला मागच्या सीटवर पाय आखडून बसवलं होतं. आजीच्या मांडीवर काय? ऊनोचा डबा, सिक्वेन्सचा डबा आणि पत्त्यांचे चार कॅट. चेहरा मात्र देवदर्शनाला निघाल्यासारखा.

ही मंडळी जातात कुठे, तर धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेल्या बंगल्यात. पाणी दिसतं म्हणून दोन रात्रींचे जास्तीचे पैसे मोजतात. आणि आत पाऊल टाकल्याबरोबर पहिलं काम काय करतात? पडदे ओढतात! का, तर वाऱ्याने पत्ते उडतात. आता बोला.

तसा थोडा दोष मुळशीच्या पावसालाही द्यायला हवा. तो एकदा लागला की आधी रेंज जाते, मग लाईट जाते, मग माणुसकी. मोबाइल आडवा-उभा करून झाला, गच्चीत जाऊन झालं, की कोणीतरी हळूच म्हणतं, ‘एक डाव टाकायचा का?’ बस्स. ठिणगी पडली. पण डाव सुरू होतो असं समजू नका हं. पत्ते पिसायला दोन मिनिटं लागतात आणि नियम ठरायला पावणेदोन तास. कारण पहिलं पान पडायच्या आत कुठूनतरी ते अमर वाक्य येतं, ‘आमच्यात असंच खेळतात!’

हे वाक्य पूर्वी आपण कुठे ऐकायचो? लग्नात. रुखवतात काय मांडायचं, विहिणीची पंगत कधी बसवायची, मानाची साडी कोणाकोणाला... ‘आमच्यात असंच करतात’ म्हटलं की पुढे ब्रह्मदेवाचंही चालत नसे. आता रुसवेफुगवे कमी झाले, ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेतच छापून येतं. मग ती सगळी खुमखुमी जायची कुठे? ती गेली मेंढीकोटात. एका घरात हुकूम बंद, म्हणजे पान आधीच पालथं काढून ठेवायचं. दुसऱ्या घरात कट हुकूम, म्हणजे उतारीचं पान संपलं की जो मारेल त्याच्या पानाचा हुकूम. चारही दश्श्या आल्या की कोट यावर एकमत आहे. पण तेराच्या तेरा हात केले तर नुसता कोट की बावनी, यावरून कोथरूडची सून आणि साताऱ्याचं सासर एकमेकांकडे असे बघतात, की मधल्या समईची वात आपोआप खाली जावी. पत्रिका जुळवली, गुण मोजले, रक्तगटसुद्धा पाहिला. हुकूम बंद की कट, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. भोगा आता!

आणि आपण समजतो, हे खूळ आपल्याच घरातलं. अहो, ऊनोचा जन्मच नियमाच्या भांडणातून झालाय! अमेरिकेत ओहायोमध्ये मर्ल रॉबिन्स नावाचे एक केशकर्तनकार होते. पत्त्यांच्या ‘क्रेझी एट्स’ खेळाच्या नियमावरून त्यांची मुलाशी जुंपली आणि त्यातून 1971 साली त्यांनी नवा खेळच काढला. म्हणजे बापलेकाची कटकट मिटवायला जो खेळ निघाला, त्याने जगभरच्या बापलेकांना कटकटीला लावलं! पुढे मे 2019मध्ये खुद्द कंपनीने जाहीर केलं, की समोरच्याने अधिक चार टाकलं तर त्यावर आपलं अधिक दोन टाकून सगळं ओझं पुढच्याच्या गळ्यात मारता येत नाही. गुपचूप चार पानं उचला आणि पाळी सोडा. लोकांनी ऐकलं? छे! कंपनीलाच सांगितलं, ‘तुम्हाला तुमचा खेळ कळत नाही.’ आपल्याकडेही सोळा-सोळा पानं उचलायला लावून भाच्याला रडवल्याशिवाय ऊनो झाल्यासारखं वाटतं का कोणाला? आणि हो, चालू रंगाचं पान हातात असताना अधिक चार टाकायचंच नाही, असाही छापील नियम आहे. संशय आला तर समोरच्याने हात दाखवायला सांगायचा. चोरी पकडली तर टाकणाऱ्याला चार पानं, आळ खोटा निघाला तर घेणाऱ्याला सहा. माहीत होता? नव्हता ना? का नव्हता, तेही आपल्याला चांगलं माहीत आहे. तो कागद डबा उघडल्याच्या दिवशीच पापड तळून ठेवायला कामी आला.

कॅरमवाले स्वतःला जरा सोवळे समजतात. आमच्याकडे बुवा सगळं नियमात, म्हणतात. नियमात? राणी किती गुणांची, हे एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर एक नसतं! कुठे पाच, कुठे पंचवीस, कुठे सरळ पन्नास. अधिकृत खेळात बिचारी तीन गुणांची आणि तीही आपले गुण 21 पर्यंत असतील तरच. त्यानंतर तिला कोणी विचारत नाही. गेम 25 ला संपतो. लहानपणी अंगठ्याने मारणाऱ्याला आपण ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून उठवून लावलं की नाही? 1988 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाला अंगठा चालतो! किती मामेभावांची आता माफी मागायची? बरं, सोंगटी जात नाही म्हटल्यावर दोष कोणाचा? बोर्डाचा. नाचता येईना अंगण वाकडं, तशी ही बोरिक पावडर. इतकी पावडर टाकतात, इतकी टाकतात, की खेळून उठलेला माणूस गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा दिसतो.

सिक्वेन्सचं तर बोलायलाच नको. जोडीदाराला सुचवायचं नाही. सुचवलंत तर तुमच्या गटातल्या प्रत्येकाने एकेक पान गमवायचं, इतका कडक कायदा. म्हणून आपण सुचवत नाही. आपण फक्त खोकतो. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या काकांनी काकूंचं एकही वाक्य पूर्ण ऐकलं नाही, त्यांना काकूंच्या खोकल्यातला दोन डोळ्यांचा गुलाम आणि एका डोळ्याचा गुलाम वेगवेगळा ऐकू येतो! दोन डोळ्यांचा असेल तर आपली सोंगटी हवी तिथे बसते, एका डोळ्याचा असेल तर दुसऱ्याची उठते. खोकला कोरडा की ओला, यावर सगळं.

पण खरी बहार व्यापारात. आणि तोही कुठे, तर मुळशीत! जिथल्या गुंठ्याच्या भावाने भल्याभल्यांची झोप उडवली, जमीन विकलेल्या घरांची कथा घेऊन प्रवीण तरडे यांनी 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ आणला, आणि टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, त्याच मातीवर सतरंजी अंथरून आपण कागदी नोटांवर दिल्ली-मुंबई विकत घेतो. दुपारी बांधावर उभं राहून ‘इथे काय रेट चाललाय?’ विचारून आलेला माणूस रात्री त्याच सुरात विचारतो, ‘दार्जिलिंग देतोस का?’ पोराने नाही म्हटलं की म्हणतो, ‘क्लिअर टायटल आहे ना पण?’

या खेळाची थोरली बहीण मोनोपॉली. तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात. 1904 साली बाईंनी त्याचं पेटंट घेतलं ते कशासाठी? जागेचे मालक कसे गब्बर होतात आणि भाडेकरू कसे भिकेला लागतात, हे लोकांना दिसावं म्हणून. आपण त्यातून काय शिकलो? की जागा घेऊन ठेवावी! मोनोपॉलीच्या छापील नियमाप्रमाणे, एखादी जागा तुम्ही घेतली नाहीत तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. केलाय कोणी लिलाव? ‘फ्री पार्किंग’च्या घरात आल्यावर काहीच मिळत नाही, हेही लिहिलेलं आहे. पण सगळ्यांचा दंड पटाच्या मध्यात साठवून तिथे येणाऱ्याला द्यायचा, हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवून टाकलं. शेवटी 2014मध्ये कंपनीनेच हात टेकले. ‘तुमचे घरचे नियम तुम्हीच सांगा’ म्हणाली आणि त्यातले निवडून वेगळी आवृत्ती काढली. आपल्या घरी मात्र सगळ्यात जुना नियम अजून कोणाला बदलता आलेला नाही: बँक ज्याच्याकडे, तो कधी हरत नाही.

आता यावर कोणी म्हणेल, कलियुग आहे. वा! द्वापारात काय वेगळं होतं? पणाला लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनिमामा, हा घरचाच नियम नव्हता का? एकाने दुसऱ्याच्या वतीने खेळणं मला पटत नाही, असं धर्मराज बोलूनही गेले. मग उठून जावं ना! पण नाही, डाव मांडलेला दिसला की भल्याभल्यांचा पाय निघत नाही. पुढचं महाभारत आपल्याला पाठ आहे.

आणि बाटलेले तरी किती कट्टर! ‘पत्ते कुटणं हे रिकामटेकड्यांचं काम’ म्हणत ज्यांनी उभ्या आयुष्यात घरात जोकर शिरू दिला नाही, असे एक सासरेबुवा आपल्या ओळखीचे आहेत. सध्या ते निकालांची वही ठेवतात. फासा सतरंजीखाली गेल्यास दान रद्द. ‘चुकून पडलं’ हे कारण फक्त सात वर्षांखालील खेळाडूंना. चहा पिताना पाळी हुकल्यास चहा करणाऱ्याची जबाबदारी. प्रत्येक निकालाखाली तारीख आणि सही! दुसऱ्या एक वहिनी पहाटे उठून प्राणायाम करायचा म्हणून आल्या होत्या. पहाट त्यांनी पाहिली खरी, पण ती बदाम सातमध्ये किलवर सत्ती दाबून बसलेल्या नणंदेच्या चेहऱ्यावर.

आणि आपण? आपण फक्त बघायला बसलो होतो हो. चौथा भिडू नव्हता म्हणून एकच डाव. मग हरलो म्हणून दुसरा. मग ते लोक चोरी करतात हे सिद्ध करायला तिसरा. गुडघ्याखाली जे पान सापडलं, ते तिथे कसं आलं, देवाशपथ ठाऊक नाही.

रात्री साडेदहाला बंगला सांभाळणारे मामा पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात घेऊन उभे. ‘ठेवा मामा, एवढा हात होऊ दे.’ मामा उभे. भाकरी गार. हुकूम बंद की कट, यावर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बाजू तावातावाने शेवटी मामांकडेच वळल्या, ‘तुम्ही सांगा मामा, तुमच्या गावात कसं खेळतात?’

मामांनी पातेलं खाली ठेवलं. ‘आमच्यात गणपतीच्या जागरणाला रात्रभर बसतो. पण अशी भांडणं लागली, की म्हातारी उठते आणि पत्ते उचलून चुलीत घालते.’

खोलीत सन्नाटा. सगळे ओशाळून भाकरीकडे बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून आजीचा आवाज आला, ‘चुलीत घातल्यावर तो हात कोणाचा धरायचा?’