दुधाची पिशवी अजून बाहेरच

आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराला सकाळी सातला दुधाची कापडी पिशवी लटकलेली असते. पावणेआठपर्यंत ती आत जाते. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी ती सव्वादहापर्यंत तिथेच होती. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. एकदा कचऱ्याचा डबा ठेवायला, एकदा पेपर घ्यायला. पिशवी मला दिसली, पण लक्षात आली नाही. लक्षात आली ती आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या. त्यांनी बेल दाबली, दार वाजवलं आणि फटीशी तोंड नेऊन हाक मारली, "काकू, पिशवी अजून बाहेरच?"

उत्तर आलं ते न्हाणीघरातून. काकू पाच वाजता घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि पाच तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. दाराला नुसतं लॅच होतं, किल्ली असती तर अर्ध्या मिनिटात उघडलं असतं. पण दुसरी किल्ली मुलाकडे आणि मुलगा कॅनडात.

सुतार बोलावून दार फोडलं. शस्त्रक्रिया झाली, काकू घरी आल्या, आता वॉकर घेऊन हिंडतात. इमारतीत पुढे महिनाभर चर्चा चालली ती मुलाची. परदेशी गेला, आईला वाऱ्यावर सोडलं, आजकालची पिढी, वगैरे. मला ती मुळीच पटली नाही. तो मुलगा रोज रात्री फोन करतो, पैशाला कमी पडू देत नाही, आईच्या ऑपरेशनला तिसऱ्या दिवशी इथे हजर होता. कॅनडातून दुधाची पिशवी दिसत नाही. ती आम्हाला दिसत होती. मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. चूक तीन बिऱ्हाडांची आहे आणि त्यात माझं घर पहिलं.

घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काय करावं यावर आपल्याकडे भाषणं उदंड होतात. माझं म्हणणं एकच आहे. त्या माणसाची गैरहजेरी त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आली पाहिजे. योगासनं, सहली, भजनं, व्याख्यानं ही सगळी चांगलीच, पण त्यांचं खरं मोल तिथे नाव पुकारलं जातं यात आहे. जिथे जाऊन बसलं काय, न बसलं काय, कोणाला फरक पडत नाही, तो कार्यक्रम कितीही रंगला तरी एकटेपणाला शिवत नाही.

आमच्या बागेतला ज्येष्ठांचा कट्टा हे बरोबर ओळखून आहे. सकाळी सव्वासहाला पंधरा-वीस जण जमतात. प्रार्थना, हातपाय हलवणं, मग वर्गणीतला चहा. या कट्ट्याची एक हजेरीवही आहे, साधी शंभर पानी, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. मी ती हातात घेऊन पाहिली. नाव, रक्तगट, रोजच्या गोळ्या, शेजाऱ्याचा फोन आणि शेवटचा रकाना 'किल्ली कोणाकडे'. मुलाचा नंबर आहे, पण शेजाऱ्याच्या नंबरनंतर. न सांगता दोन दिवस कोणी आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर दोघं जण त्याच्या घरी जातात. वही सांभाळतात ते एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले अण्णा. ते मला म्हणाले, "व्यायाम काय हो, घरीपण होतो. मी नाही आलो तर हे विचारतील, म्हणून येतो."

या वाक्यापुढे एकाकीपणावरचे परिसंवाद मला थिटे वाटतात.

हास्यक्लबांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. पहाटे उठून कारण नसताना हा-हा करायचं, याला काय अर्थ आहे, असं ते विचारतात. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. पुढे तो पुण्या-नाशकाच्या बागांतच काय, साता समुद्रापलीकडेही गेला. हसण्याने रक्तदाब किती उतरतो ते डॉक्टरांनी सांगावं. मला एवढं दिसतं की रोज ठरल्या वेळी, ठरल्या झाडाखाली, ठरलेली माणसं एकमेकांची तोंडं पाहतात. तेवढ्यासाठी ते काहीही करोत.

तीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'शुभ प्रभात'ची. गुलाबाचं फूल, खाली सुविचार. घरातली तरुण मंडळी वैतागतात, ग्रुप म्यूट करून टाकतात. थांबा जरा. सत्तर वर्षांची आत्या सकाळी साडेसहाला ते फूल पाठवते, तेव्हा ती तुम्हाला सांगत असते की मी उठले, माझे हातपाय चालताहेत. ती तिची हजेरी आहे. ज्या दिवशी फूल येणार नाही त्या दिवशी तिला फोन करायचा असतो. ग्रुप म्यूट करून हे कसं कळणार?

आता विरंगुळा केंद्रांकडे वळते. शब्द गोड आहे आणि कल्पनाही उत्तम. पण मी पाहिलेलं एक केंद्र पहिल्या मजल्यावर होतं. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा एका बाजूलाच. स्वच्छतागृहाला कुलूप आणि त्याची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस दुपारी जेवायला गेला की चारला येणार. दर्शनी भिंतीवर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. केंद्र किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, हे मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बावीस पायऱ्या चढवून बांधलेली खोली ही त्याच्यासाठी बांधलेलीच नाही. तळमजला, धरायला दांडी असलेलं उघडं स्वच्छतागृह आणि हात टेकून उठता येईल असा बाक. या तीन गोष्टी नसतील तर टीव्ही, कॅरम, वाचनालय यांचा काडीचा उपयोग नाही. आणि वेळ ठेवायची तर दुपारी तीन ते सहा ठेवा. सकाळ चहा, पेपर, देवपूजेत जाते, संध्याकाळी मालिका असतात. एकट्या माणसाला खायला उठते ती दुपार. जेवण झालेलं, झोप न येणारी, उन्हामुळे बाहेर पडता न येणारी दुपार. त्या तीन तासांत बहुतेक केंद्रांना कुलूप असतं.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाबद्दल दोनच वाक्यं. पाहुणे दीड तास उशिरा येणार असतील, तर सत्तरीच्या माणसांना मांडवात बसवून ठेवू नका. शाल-श्रीफळाचे पैसे वाचवून बागेत चार बाक टाका.

बायकांचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि त्यावर आपण फार गप्प बसतो. बागेतला कट्टा बहुतेक करून पुरुषांचा. बायकांचं जाणं-येणं हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर, बारसं यांतून चालतं. नवरा गेला की यातली निम्मी दारं त्याच दिवशी बंद होतात. म्हणजे ज्या बाईला शेजाराची खरी गरज लागते, नेमकी तिलाच आपण संक्रांतीच्या दिवशी वगळतो. वाण शेजारच्या तिन्ही घरांत जातं, तिच्या दारावरून पुढे जातं. काकूंचे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांनी मला सांगितलं, "पहिल्या वर्षी मी दार लावून घेतलं होतं गं, कोणाला अवघडायला नको म्हणून." हे ऐकून मान खाली गेली, कारण त्या वर्षी हळदीकुंकू माझ्याच घरी होतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे प्रकार आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितला. ठरावाने मनं लगेच बदलत नाहीत हे खरं. पण गावाने निदान तोंड उघडलं. आपल्या शहरी सोसायट्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवर तीन तास भांडतात. या विषयावर त्यांनी तीन मिनिटं तरी बोलावं. यंदाच्या संक्रांतीला आमच्या मजल्यावर पहिलं वाण काकूंना दिलं. पुरोगामीपणाची मिरवणूक म्हणून हे सांगत नाही. सहा वर्षं उशीर झाला, म्हणून सांगते.

सरकारने म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं मला विचाराल तर मी लाल डब्याकडे बोट दाखवीन. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आधीपासून होतं. कोणत्याही स्टँडवर दुपारी उभं राहून पाहा. पिशवीत डबा घेऊन आजी बहिणीकडे निघालेली असते, आजोबा गावच्या जत्रेला. हातात स्वतःच्या प्रवासाची सोय आली की सुनेकडे पैसे मागावे लागत नाहीत आणि 'कशाला जाता आता' हे ऐकावं लागत नाही. भेटीगाठी अशाच टिकतात. उलट रेल्वेने मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण सांगून ज्येष्ठांची सवलत बंद केली, पुरुषांची ४० टक्के आणि बायकांची ५० टक्के. साथ ओसरून गेली तरी ती परत दिली नाही. हा निर्णय चुकीचा आहे आणि तो बदलला पाहिजे.

कायदाही आहे आपल्याकडे. २००७ चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. मुलं पाहत नसतील तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवता येतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट पुढची आहे. त्या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये नियम केले. त्यांत प्रत्येक पोलिस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा पोलिसाने, शक्यतो समाजसेवकाला बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जाऊन यायचं असं म्हटलं आहे. ही भेट उपकार म्हणून नाही, नियम म्हणून आहे. आपल्या ठाण्यात जाऊन विचारा की आमच्या गल्लीतली नावं यादीत आहेत का. नसतील तर तिथेच लिहून द्या. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. तो जाड अक्षरांत लिहून म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशेजारी चिकटवा. फोनमध्ये सेव्ह करून ठेवला तर ऐन वेळी चष्म्यावाचून सापडत नाही.

अण्णा सांगतात, रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना बजावलं आहे की सत्तरीपुढच्या खातेदारांना पैसे पोचवणं, हयातीचा दाखला घेणं अशी कामं घरी जाऊन करावीत. कट्ट्यावरचे दोघं निवृत्त बँकवाले हे पत्र खिशात ठेवून शाखेत जातात आणि अंथरुणाला खिळलेल्यांची कामं करून आणतात. ही दोघंही सत्तरीपुढची आहेत. म्हातारी माणसं म्हणजे नुसती सेवा करून घेणारी, हा समज इथे येऊन तपासावा.

काकूंच्या बाबतीतही हेच झालं. घरी आल्यावर महिनाभर सगळे त्यांच्याकडे डबे पोचवत होते, आणि त्या दिवसेंदिवस मिटत चालल्या होत्या. मग एके दिवशी मावशीच त्यांना म्हणाल्या, "काकू, तुम्ही दिवसभर घरीच असता, माझ्या पोरीला चार ते पाच गणित दाखवाल का?" काकू एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. ही गोष्ट मजल्यावर आम्हाला सगळ्यांना माहीत होती, विचारलं मात्र मावशींनी. आता चार वाजले की तीन मुलं दारात चपला काढतात. काकू चारला पाच मिनिटं कमी असताना केस नीट करून बसतात.

मुलगा जाताना एक काम करून गेला. दाराला नवं लॅच बसवलं आणि त्याच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. एक माझ्याकडे आहे, एक मावशींकडे, एक अण्णांच्या कट्ट्यावर. वहीत काकूंच्या नावापुढचा शेवटचा रकाना भरलेला आहे.

तुमच्या मजल्यावर, तुमच्या आळीत, वाडीत असं एक दार असेलच. आज संध्याकाळी ते वाजवा आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.