गोडा मसाला संपला असता

नियम पहिला. संपला आहे हे मान्य करा. बरणी उपडी करून बुडावर थापट्या मारल्या तर फार तर अर्धा चमचा निघतो, आणि तोही ओट्यावर सांडतो.

नियम दुसरा. शेजारी मागायला जाल तर नाव नीट सांगा. आमच्या घरात याच मसाल्याला काळा मसाला म्हणतात. समोरच्या वहिनी नगरच्या. त्यांनी मोठ्या मनाने वाटीभर काळा मसाला दिला आणि मी सवयीने दोन चमचे आमटीत लोटले. त्यांच्याकडचा काळा म्हणजे भाजलेला कांदा, खोबरं आणि मुख्यतः मिरची. त्या रात्री आम्ही दहीभात जेवलो.

नियम तिसरा. गरम मसाला नाही. याला पोटनियम नाही.

नियम चौथा. चार चमचे धणे, एक चमचा जिरे, एक चमचा तीळ आणि दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस घ्या. सगळं वेगवेगळं भाजा. ‘एकदमच टाकू, काय होतंय’ म्हणणाऱ्याचे तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात (कसं कळलं, विचारू नका). दोन लवंगा आणि पेरभर दालचिनी थेंबभर तेलावर परता. पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून मिक्सरच्या भांड्यात लगदा बसतो. हा झाला बारा आण्यांचा मसाला.

उरलेले चार आणे म्हणजे दगडफूल. हे ना दगड, ना फूल. खडकांवर, झाडांच्या सालींवर वाढतं. नुसतं हुंगलं तर पाचोळा. तेलात परतलं की मात्र सगळं घर आईचं होतं. याला पर्याय मी बरेच शोधले. नाही.

नियम पाचवा. आमटीत गूळ आणि आमसूल किंचित चढं ठेवलं की बरंच झाकलं जातं. मसालेभातात झाकायला काहीच नसतं, तेव्हा त्या दिवशी खिचडी करावी.

नियम सहावा. आईला कळू देऊ नका. ती चैत्रात किलोभर मसाला करते, मला वर्षाचा म्हणून देते, आणि मी तो दिवाळीआधी फस्त करतो. भरल्या वांग्यात घालतो, उसळीत घालतो, एकदा तुपाबरोबर पोळीवर पसरूनही खाल्ला. फोनवर ती विचारते, “मसाला आहे ना रे?” मी म्हणतो, “आहे की.” ती जरा थांबते, मग म्हणते, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये सगळं असतं.

परवा मात्र तिने वेगळंच सांगितलं. दगडफुलातली माती आणि काड्या आता तिला दिसत नाहीत, यंदा निवडायला मी यावं. पोळून निघायची हौस असेल तर मिरच्याही मीच भाजाव्यात.

बरणी धुऊन उन्हात ठेवली आहे. शनिवारची गाडी आहे.