टोनिंगवाला

टोनिंगवाला हा नाणेसंग्राहकांतला एक पोटभेद असून त्याची वस्ती मुख्यतः अमेरिकेत आहे. हवेतल्या किंवा कापड-कागदातल्या गंधकामुळे चांदीच्या नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि जाडी वाढेल तसा आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, पुढच्या फेरीत हिरवा असे रंग दिसतात; यालाच टोनिंग म्हणतात. त्याहूनही जाडी वाढली की नाणे सरळ काळे. मराठी घरात असा काळवंडलेला रुपया दिवाळीच्या आधी टूथपेस्टने घासून लखलखीत करतात. टोनिंगवाल्यासमोर हा विषय काढू नये.

त्याचे आराध्यदैवत म्हणजे अमेरिकेचा चांदीचा मॉर्गन डॉलर. ३८.१ मिलिमीटर व्यासाचे हे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्या कित्येक दशके सरकारी कोठारांत पडून राहिल्या. त्यांत ज्या नाण्यांचा कापडाशी संबंध आला, त्यांचे नशीब उजळले. अंगावर दुसरे नाणे आडवे पडलेले असेल तर झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उघड्या भागावर रंगांची कोर उमटते. कधी नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या गालावर कापडाची वीणही दिसते. ती दाखवताना टोनिंगवाला आवाज खाली आणतो. अशा नाण्याला साध्या पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट भाव येतो, आणि व्यवहार बहुधा फोटोवरच ठरत असल्यामुळे खरी साधना तिथून सुरू होते.

अडचण अशी की हा रंग नाण्यावर कायम बसलेला नसतो. दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून थेट डोळ्यांत परतला तरच तो दिसतो; एरवी तेच नाणे तपकिरी, मळकट. म्हणून कॅमेरा स्टँडवर उलटा टांगून, मॅक्रो लेन्स लावून, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी दिवे लेन्सला अगदी खेटून उभे केले जातात. नाणे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असते. त्या प्लास्टिकवर दिव्याची चकाकी येते, म्हणून डबीच्या एका कडेखाली खोडरबर सरकवून ती केसभर कलती करावी लागते. कोणी लेन्सखाली ४५ अंशांत काच धरून बाजूचा उजेड सरळ नाण्यावर उतरवतो. हे सारे जेवणाच्या टेबलावर चालते. घरची मंडळी मांडीवर ताट घेऊन जेवायला सरावलेली असतात.

फोटो संगणकावर आला की टोनिंगवाला प्रथम शपथ घेतो: ‘डोळ्यांना दिसते तेवढेच दाखवायचे.’ करड्या कार्डावरून पांढरा रंग जुळवणे, काळोख-उजेडाची टोके बसवणे, इथवर तो शपथेला जागतो. मग सॅच्युरेशनची पट्टी समोर येते. डोळ्यांना दिसलेले आता आठवणीतून आणायचे असते, आणि त्याच्या आठवणीत नाणे नेहमीच अधिक निळे असते. पट्टी पाचाने सरकते, आणखी पाचाने सरकते. खात्रीसाठी तो खऱ्या नाण्याकडे पाहतो. ते फिके वाटते. तेव्हा तो नाण्यावरचा दिवा मोठा करतो.

पट्टी किती सरकली हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एनजीसी या प्रमाणन संस्थेच्या डबीत नाण्याभोवती पांढरे प्लास्टिक असते. ते फोटोत निळसर किंवा गुलाबी दिसले की काय घडले ते कळते. हे टोनिंगवाल्यालाही ठाऊक असते. म्हणूनच तो फोटोतून डबी कापून टाकतो आणि नाण्याच्या दोन्ही बाजू काळ्याभोर पार्श्वभूमीवर शेजारी-शेजारी मांडतो. काळ्यावर रंग आणखी उठून दिसतात, हा निव्वळ योगायोग असल्याचे तो सांगतो.

याच माणसाला कृत्रिम टोनिंगची मनापासून चीड असते. नाणे भट्टीत तापवून किंवा रसायनाने रंगवणाऱ्यांना तो भामटे म्हणतो, आणि ते खरेही आहे; असा संशय आला तर प्रमाणन संस्था नाण्याला नेहमीची श्रेणी नाकारतात. मात्र फोटोला श्रेणी देणारी संस्था नाही.

गिऱ्हाइकाच्या हाती नाणे पडते ते ट्यूबलाइटखाली, आणि मागवला मोर नि आली लांडोर अशी त्याची गत होते. त्याने विचारणा केली की उत्तर तयारच असते: जरा कलते धरा, एकाच दिव्याखाली बघा, हळूहळू फिरवा. गिऱ्हाईक फिरवते. एका विशिष्ट कोनात, क्षणभर, निळा रंग खरोखरच लखकन उठतो. त्यावर ते नाणे ठेवून घेते आणि आठवड्याभरात मॅक्रो लेन्सची चौकशी सुरू करते.