करणीची भरडाई

नववीत असताना माझ्यावर करणी झाली. वर्गात झाली, फळ्यावर, पांढऱ्या खडूनं. पण एवढा तपशील आमच्या आजीच्या कानापर्यंत पोचला नाही. गणिताचे सर रस्त्यात बाबांना भेटले आणि म्हणाले, ‘‘तुमच्या पोराला करणी काही जमत नाही.’’ बाबांनी पडवीत येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आजी सुपात तांदूळ पाखडत होती. कानानं जड. वाक्यातला कामाचा तेवढा एक शब्द तिनं वेचला आणि सूप खाली ठेवलं.

‘‘कोनं केली?’’

आमच्या झाडीबोलीत ण नाही आणि ळ पण नाही. ण चा न होतो, ळ चा र. डोळ्याचा डोरा आणि मुळाचं मूर. त्यामुळे करणीची करनी झाली, की बीजगणितातली वर्गमुळांची करणी आणि टाचण्या टोचलेलं लिंबू यांत आमच्या गावी, फुलचूरला, तरी फारसं अंतर उरत नाही. संध्याकाळी मीठ-मिरच्या माझ्यावरून सात वेळा उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही. म्हणजे करनी जबर आहे, असं घरात एकमतानं ठरलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. मी नववीत असताना तो असता तरी पाठ्यपुस्तकाला लागू झाला नसता म्हणा.

माझा गुन्हा असा, की √९ + √१६ याचं उत्तर मी √२५, म्हणजे ५, असं ठोकून दिलं होतं. ९ आणि १६ यांची बेरीज २५ होत नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. दोघांच्या डोक्यावर वेगवेगळी छपरं कशाला, एकाच छपराखाली निजवा, एवढाच माझा संसारी विचार. सरांनी बाजूला ३ + ४ = ७ लिहिलं आणि माझ्यासाठी एक टपोरा भोपळा काढला.

बाबा सातवी शिकलेले. वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि धानाच्या कट्ट्याची, म्हणजे पोत्याची, सुतळी सोडून मला अंगणात घेऊन गेले. बांध्यांवर, म्हणजे धानाच्या वाफ्यांवर, न्यायला हवं होतं, पण चारी बाजू सारख्या असलेली बांधी आमच्या भागात शोधायची तर दुसरी पिढी लागेल. म्हणून शेणानं सारवलेल्या अंगणात त्यांनी काडीनं दोन बांध्या आखल्या. एक तीन वितींची, एक चार वितींची, एकीला लागून एक. आत रेघा ओढून घरं पाडली. एकीत ९, दुसरीत १६.

‘‘आता दोन्हींच्या धुऱ्यावरून, बांधावरून, सुतळी टाक.’’

टाकली. सात विती.

‘‘पाच भरली का?’’

नाही भरली. मी सुतळी ओढून पाहिली, सैल करून पाहिली, आपली वीत लहान-मोठी करून पाहिली. घरांची बेरीज वेगळी आणि धुऱ्यांची बेरीज वेगळी, हे त्या दिवशी सुतळीनं मला शिकवलं. मार्क मात्र सुतळी देत नाही, सर देतात.

पुढे कधीतरी वाचलं, की करणी म्हणजे मुळात हेच. शुल्ब म्हणजे दोर. यज्ञाच्या वेदी दोरानं आखणाऱ्यांची ती शुल्बसूत्रं. चौरस ‘करणारी’ बाजू ती करणी, आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती द्विकरणी, म्हणजे आपली √२. बौधायनानं तिची किंमत ५७७/४०८ इतकी काढून ठेवलीय, दशांशात पाच स्थळांपर्यंत बिनचूक. बिचारी चौरस करते, कुणाचं वाईट करत नाही. इंग्रजीत तिला ‘सर्ड’ म्हणतात. तो मूळ लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ बहिरा. हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. बहिऱ्याला बहिरं बरोबर सापडलं होतं.

धुऱ्याचं कळलं, पण त्यानं √२ + √८ सुटेना. ९ आणि १६ निदान सरळ सुटतात, हे दोघं आडमुठे. पुस्तक म्हणे, आधी सोपं रूप द्या, मग सरूप करणी ओळखा. मला ते रूप दिसलं राइस मिलमध्ये. गोंदियाचा पोरगा दुसरीकडे कुठे जाणार? कट्ट्यातलं धान सगळं सारखंच पिवळं, आत काय आहे ते भरडल्याशिवाय कळत नाही. √८ चं तसंच. आतला ४ हे टरफल. ते बाहेर काढलं की राहतं २√२. √१८ भरडा, ३√२. √५० भरडा, ५√२. वरून तीन जातींचं वाटणारं धान, आत एकच तांदूळ! मग √५० – √१८ + √८ हे पाच कट्टे उणे तीन कट्टे अधिक दोन कट्टे, एवढंच उरतं. ४√२. पण एचएमटी जातीच्या धानाचे तीन कट्टे आणि १०१० जातीचे पाच मिळून आठ म्हणायचं नाही. व्यापारी हाकलून देतो. √३ आणि √२ यांचंही तेच.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, ‘बीजगणित’ ग्रंथात, हेच २ आणि ८ उदाहरणाला घेतलेत. त्यांची रीत अशी: दोघांची बेरीज १०, ती महती. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४, त्याची दुप्पट ८, ती लघु. महतीत लघु मिळवा, १८, म्हणजे बेरीज √१८. वजा करा, २, म्हणजे वजाबाकी √२. मी परीक्षेत √१० लिहून उठायचो, म्हणजे महती उरकायचो आणि लघु राहून जायची. पेपरात घाई झाली की होतं असं.

आता भाचा नववीत आहे. परवा वही घेऊन आला. मी भरडाईचा सगळा सिद्धान्त ऐकवला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मामा, मुळाच्या आत ४ होता, बाहेर २ च आला. बाकीचे दोन कोणी खाल्ले?’’

‘‘भरडाईत घट येतेच. सरकारसुद्धा क्विंटलभर धानामागं ६७ किलोच तांदूळ मागते.’’

त्याला पटलं. मलाही बरं वाटलं. मग पुढचं गणित आलं, √३ + √७. हेही भास्कराचार्यांच्याच पानावरचं. ३ आणि ७ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ सुटत नाही, तेव्हा दोघींना वेगवेगळं राहू द्यायचं. मी म्हटलं, ‘‘लिही, √३ + √७. झालं उत्तर.’’

‘‘हा तर प्रश्नच आहे.’’

‘‘उत्तरही तेच.’’

त्यानं माझ्याकडे, आम्ही कधीकाळी गावातल्या जाणत्याकडे बघायचो तसं बघितलं आणि मोबाईल काढला. बोटं फिरली. √३ + √७ म्हणजे ४.३७८. √१० म्हणजे ३.१६२.

‘‘मामा, हे तर वाढलं! भरडाईत वाढलं कसं?’’

मी म्हटलं, आधी जेवून घे. आतून आई विचारत होती, ‘‘का झाला रे? अजून करनीच चालू आहे का?’’ आणि मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.