लाल कॅलिपरचे मानकरी

नागपुरातील प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर अशा ज्या वस्त्यांत घरापुढे एका मोटारीपुरते पोर्च अद्याप शिल्लक आहे, तेथील नोकरदार पुरुषांत एक पोटजात अशी आढळते, की मोटारीच्या वेगाशी तिचा संबंध बेताचा असतो, पण मोटार थांबवणाऱ्या यंत्रणेच्या रंगाशी मात्र जिव्हाळ्याचा असतो. अभ्यासाच्या सोयीसाठी या गृहस्थाला कॅलिपरभाऊ म्हणता येईल. कॅलिपर म्हणजे डिस्क ब्रेकमधील लोखंडी पकड; पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने तिच्यातील दट्ट्या पुढे सरकतो आणि चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडांमध्ये आवळली जाते. डिस्क ब्रेकचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले आणि १९५३ मध्ये ल माँच्या शर्यतीत जॅग्वारने याच ब्रेकच्या बळावर बाजी मारली. या दोन्ही गोष्टींचे श्रेय पकडीला जाते, रंगाला नव्हे, हे कॅलिपरभाऊला मान्य असते. तो फक्त त्यापुढे ‘पण’ म्हणतो.

हा ‘पण’ महागड्या मोटारींच्या जगातून आलेला आहे. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बो कंपनीचे लाल कॅलिपर जगभर ओळखीचे झाले, आणि पोर्शने तर रंगाला हुद्द्याचे स्वरूप दिले: परंपरेने लाल रंग अधिक ताकदीच्या मॉडेलांना, पिवळा सिरॅमिक चकत्यांना आणि पोपटी हायब्रीड मोटारींना. कॅलिपरभाऊ रंग निवडताना हुद्दा पाहत नाही, दुकानात काय शिल्लक आहे ते पाहतो. त्यामुळे लाल डबा संपलेला असल्यास हप्त्यावर घेतलेली साधी हॅचबॅक एका दुपारीत सिरॅमिक ब्रेकच्या पदाला पोहोचते, आणि शहर संत्र्यांचे असल्यामुळे नारिंगी रंगाला तर कोणतेच समर्थन लागत नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा असली तरी या मोटारीचे आयुष्य बर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये जाते, ही बाब त्याच्या लेखी गौण असते.

ही वृत्ती परकी मानण्याचे मात्र कारण नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणारा हा प्रदेश आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात, ज्याच्या प्रारंभाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिले जाते, चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले घरोघर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, गोळा करत हिंडतात. तीच मुले पुढे नोकरीला लागून मोटार घेतात. चाकांचा नाद कायम राहतो, फक्त बोजारा द्यायला कोणी पुढे येत नाही.

या कामाला खरा ऋतू दिवाळीनंतरचा. कॅलिपरभाऊला स्फूर्ती येते ती नवतप्यात. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेथे त्या दिवसांत फवाऱ्याचा रंग लोखंडापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. काही डब्यांवर ४८० अंशांच्या आसपास तग धरण्याची हमी छापलेली असते, पण ती वाळलेल्या रंगापुरती असते, रंगाऱ्यापुरती नसते. म्हणून बैठकीतला कूलर पोर्चमध्ये ओढून आणला जातो, आणि त्याच्या वाऱ्याने अंगणातली धूळ ओल्या रंगावर, रंगाचे तुषार कूलरच्या ताट्यांवर आणि घरच्यांचा संताप कॅलिपरभाऊवर येऊन स्थिरावतो.

जॅक लावून चाक काढलेली मोटार पाहून सरळ पुढे निघून जाणारा माणूस नागपुरात दुर्मीळ आहे. ‘पंक्चर का बाप्पा?’ असे शेजारचे काका फाटकातूनच विचारतात.

‘नाही काका, कॅलिपर रंगवून राहिलो.’

‘काहून? गंजला का?’

‘नाही, लुक येते.’

काका वाकून पाहतात, त्यांना लुक दिसत नाही, आणि चौकातला पंक्चरवाला दुपारी दुकान बंद ठेवतो एवढी उपयुक्त माहिती देऊन ते मार्गस्थ होतात.

जॅक हा गाडी उचलण्यापुरता असतो, ती पेलून धरायला स्टँड लागतो. कॅलिपरभाऊ त्या जागी विटा रचतो, आणि येथे थट्टा बाजूला ठेवून नोंदवले पाहिजे की भाराखालची वीट पूर्वसूचना न देता फुटते. वायर ब्रशने गंज खरवडणे, तेलकटपणा घालवणे, रबरी बूट, सरकत्या पिना, निपल आणि चकती यांवर चिकटपट्टी लावून त्यांना रंगापासून वाचवणे यातच या कामाचा बहुतेक वेळ जायला हवा. फवारणी थोडक्यात आटोपते. कॅलिपरभाऊ हे प्रमाण उलटे करतो, आणि त्या संध्याकाळी घरातील स्त्रिया न्हाणीघरातले टूथब्रश मोजू लागतात.

मग चाक बसवले जाते, आणि प्लॅस्टिकच्या व्हील कॅपमागे कॅलिपर अजिबात दिसत नाही असा शोध लागतो. मोटार काही दिवस कॅपशिवाय हिंडते, तेव्हा भेटेल तो ‘कॅप चोरीला गेल्या का?’ असे विचारतो; अखेर काही शे रुपयांच्या डब्यापायी काही हजारांची अलॉय चाके येतात. तरीही मागची बाजू उरतेच, कारण लहान मोटारींत तेथे बहुधा ड्रम असतो आणि कॅलिपर मुळी नसतोच. तेव्हा ड्रमच लाल केला जातो. कॅलिपरच्या आकाराचे प्लॅस्टिकचे लाल आवरण बाजारातून आणून चिकटवणारा एक पंथही आहे, पण त्याच्याविषयी कॅलिपरभाऊ ज्या तिरस्काराने बोलतो, तो ड्रम रंगवलेल्या माणसाला फारसा शोभत नाही. उरलेला रंग कूलरच्या स्टँडला, फाटकाच्या कडीला आणि मुलाच्या सायकलीला लागतो. तुळशीवृंदावनापाशी मात्र आई त्याला गेरूच्या बाजूने ठामपणे अडवते.

या रंगाचा पक्का वैरी कॅलिपरच्या पोटातच असतो, कारण ग्लायकॉलपासून बनलेले नेहमीचे ब्रेक ऑइल रंगावर सांडले की रंग सोडवून काढते. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्री निपल उघडतो, तेव्हा कॅलिपरभाऊ ओले फडके घेऊन त्याच्या खांद्यामागे उभा असतो, आणि ‘भाऊ, ब्रेक कसा वाटून राहिला?’ असे मिस्त्रीने विचारले, तर ‘अजून फिका नाही पडला,’ असे समाधानाने सांगतो.